तुम्ही विचारलंत म्हणून: या पेटीला कुलूप कशाला?

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या घरी जेवायला येणारे मराठी पाहुणे दिवाणखान्यातल्या अक्रोडाच्या पेटीपाशी हमखास थांबतात आणि ती दारूच्या बाटल्या ठेवण्यासाठी केलेली आहे हे कळले, की विचारतात: बाटल्यांना एवढे भक्कम कुलूप कशाला?

या प्रकाराला सेलरेट म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जिया या भागांत त्याचे विशेष चलन होते. चार पायांच्या घोडीवर बसवलेली चौकोनी पेटी, वर बिजागऱ्यांचे झाकण, आत पातळ फळ्यांनी पाडलेली घरे आणि काही पेट्यांत पेले भरण्यासाठी पुढे ओढता येणारी फळी, अशी तिची रचना असते. त्यांत ठेवायच्या बाटल्याही बहुधा चौकोनी असत, त्यामुळे घरांतली जागा वाया जात नसे. आमच्या पेटीचे बाहेरचे लाकूड अक्रोडाचे असले तरी तळ आणि आतल्या फळ्या पिवळ्या पाइनच्या आहेत, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातला सुतार आतल्या कामासाठी हेच लाकूड वापरत असे, हे विन्स्टन-सेलमच्या संग्रहालयात अशा पेट्या पाहताना मला कळले.

कुलपाचे सोपे उत्तर म्हणजे आतला माल महाग होता. रम कॅरिबियन बेटांवरून आणि मदेरा वाइन पोर्तुगीजांच्या बेटावरून जहाजाने येई. नुसती पेटीसुद्धा स्वस्त नव्हती. 1760 च्या सुमारास जॉर्ज वॉशिंग्टनने लंडनहून मागवलेल्या 16 बाटल्यांच्या महोगनी पेटीचे 17 गिनी लावलेले पाहून, ही एक तर मोठी चूक आहे किंवा मोठी लुबाडणूक, अशी तक्रार त्याने आपल्या व्यापाऱ्याकडे केली होती.

पण एवढ्यावर थांबणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, कारण महाग वस्तू घरात पुष्कळ असतात आणि त्या सगळ्यांना कुलूप नसते. ज्या घरांना अशी पेटी परवडे, त्यांतल्या बहुतेकांत गुलाम माणसे राबत होती. पाहुण्यांचे पेले तीच भरत, पेटीचे लाकूड तीच पुसून चकचकीत ठेवत, आणि किल्ली मात्र मालकाकडे किंवा मालकिणीकडे असे. केंटकी आणि टेनेसीत साखरेच्या पेट्यांनाही अशीच कुलपे आढळतात. ज्या हातांवर सारे घर चालत होते, त्याच हातांवर अविश्वास ठेवून हे पितळ लाकडात बसवलेले आहे, आणि म्हणून या पेटीच्या सुबक डव्हटेल सांध्यांचे, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत अडकवून केलेल्या जोडांचे, कौतुक मी कुलपाविषयी सांगितल्याशिवाय कोणापुढे करत नाही.

पाहुण्यांना मी फळी बाहेर ओढून दाखवतो. तिची पुढची कड मधोमध बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली आहे. ती बोटे कोणाची होती हे कोठेही लिहिलेले नाही, आणि ती कड पुन्हा सरळ करून देऊ का, असे दुरुस्तीवाल्याने विचारले तेव्हा मी त्याला तिला हात लावू दिला नाही.