जाड ठशातले शब्द सोडून

आमच्या विज्ञानाच्या सरांचा एक खाक्या होता. धडा संपला की कुणाला तरी उभं करायचे आणि म्हणायचे, "आता जाड ठशातले शब्द सोडून सांग." संवेग नाही, त्वरण नाही, जडत्व नाही. व्याख्या तोंडपाठ असलेले हुशार सगळ्यांत आधी गारद व्हायचे. मागच्या बाकांवर आम्हाला त्याची कोण मजा वाटायची!

आज वाचनालयांत भौतिकशास्त्रावर बोलतो तेव्हा तोच नियम पाळतो. "सापेक्षता सोपी करून सांगा" ही फर्माईश हमखास येते. म्हणजे वेगानुसार वेळ आणि अंतर बदलतं, हा आइन्स्टाइनचा सिद्धांत. आता आगगाडी आणि फलाट हे नेहमीचं उदाहरण येणार, असं लोक धरून चालतात. मी सरळ गणित घालतो. अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. म्हणजे बहुतेक सगळे वाटेतच संपायला हवेत. प्रत्यक्षात तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक आरपार जातो!

इथे चुळबुळ सुरू होते, आणि व्हायलाच हवी. प्रकाशाच्या ९९.९ टक्के वेगाने धावणाऱ्या कणाचं घड्याळ आपल्या हिशेबी २२ पट संथ चालतं. ६६० ला २२ ने गुणा, साडेचौदा किलोमीटर झाले. "मग त्या कणाला आपण जास्त जगलो असं वाटतं का हो?" एकदा एका बाईंनी विचारलं. सर असते तर खूश झाले असते. नाही वाटत. त्याच्या लेखी आयुष्य तेवढंच. त्याच्यासाठी १५ किलोमीटरची हवाच आटून सातशे मीटरच्या आत येते. हा दुसरा भाग अवघड म्हणून अनेक जण गाळतात. मला ती वाचकाची फसवणूक वाटते.

वेगामुळे असा कण जास्त टिकलेला दिसेल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच मांडलं होतं. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत दोन वेगळ्या उंचींवर हे कण मोजून त्याचा पडताळा घेतला.

आपल्या शाळेच्या महोत्सवानिमित्त तिथल्या प्रयोगशाळेला काय द्यावं, अशी आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे विचारणा झाली आहे. माझं मत क्लाउड चेंबरला, म्हणजे कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांनी दाखवणाऱ्या पेटीला. काचेची पेटी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. काळ्या तळावर म्युऑनच्या सरळ, बारीक रेघा मुलांना डोळ्यांनी दिसतील. वर्गणीतला माझा वाटा ठरलेला धरा. जाड हातमोजे मात्र यादीत घाला, आणि त्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवा.