गिऱ्हाइकानं लावलेली पाटी

परवा आमचा मिक्सर बसला. बसला म्हणजे मोटर ठणठणीत, भांडं ठणठणीत, फक्त मधला तो कपलर झिजून गुळगुळीत झालेला, त्यामुळे नुसती घरघर आणि चटणी आहे तिथंच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथल्या पोराने हातसुद्धा न लावता सांगितलं, मॅडम हे मॉडेल बंद झालं, नवीनच घ्या. एवढ्याशा कपलरसाठी अख्खा मिक्सर! मग घरी येऊन गुगल मॅपवर 'मिक्सर रिपेअर' टाकलं. पहिल्या दुकानाला ४.९ स्टार आणि खाली ओळीने नाइस, गुड, नाइस सर्व्हिस, व्हेरी गुड, परत नाइस. दुसऱ्याला ४.३ आणि रिव्ह्यू मोजून ११. पण त्यातला एक वाचला आणि मी पिशवीच उचलली. जसा आठवतोय तसा देते:

"दुकानावर बोर्ड नाही. दत्ताच्या देवळाशेजारच्या बोळात शिरावे. सायकलच्या दुकानावरचा मजला. जिना अंधारा आहे, मोबाइलचा लाइट लावावा. माणूस बोलत नाही. काम चोख. कपलर ४० रु. सुटे न्यावेत."

हा रिव्ह्यू लिहिणारे नक्की रिटायर्ड गृहस्थ असणार, आणि शंभर टक्के पेठेतले. मी गेले. बोळ होता, जिना खरंच अंधारा होता, माणूस खरंच बोलला नाही. कपलर तेवढा ६० रुपयांना पडला, पण रिव्ह्यू ४ वर्षांपूर्वीचा होता, मधल्या काळात सगळंच वाढलंय त्याला तो बिचारा काय करणार. १० मिनिटांत मिक्सर चालू.

येताना रिक्षात विचार करत होते की ह्या माणसाचं दुकान चालतंय कशावर? बोर्ड नाही, जाहिरात नाही, तोंडातून शब्द नाही. त्याचा बोर्ड त्या अनोळखी काकांनी लिहून ठेवलाय, फुकट, आणि तोही भिंतीवर नाही. आपल्याकडे पुण्यात पाट्यांची काय ती ख्याती, पण त्या सगळ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला लिहिलेल्या. उगाच चौकशी करू नये, सुटे पैसे द्यावेत, दुपारी १ ते ४ बंद. रिव्ह्यू म्हणजे तीच पाटी उलटी फिरवून गिऱ्हाइकाने लावलेली. आणि चांगला रिव्ह्यू वाचलात तर लक्षात येईल, त्याचा सूरही बऱ्याचदा पाटीचाच असतो.

सगळ्यात गाजलेली पाटी म्हणजे अर्थातच 'आमची कोठेही शाखा नाही'. आपण तिला हसतो, पण धंद्याच्या दृष्टीने ती मोठी अडचणीची गोष्ट आहे. ज्याच्या शाखा असतात त्याला ओळख करून द्यावी लागत नाही. नव्या गावात गेलात, भूक लागली, ओळखीचा लोगो दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात, कारण चव काय असणार हे आधीच माहीत असतं. शाखा नसलेल्याच्या दारात मात्र माणूस दोन मिनिटं घुटमळतो, आत डोकावतो, आणि पुढे जातो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका ह्यांनी २०११ मध्ये ह्यावर एक छान अभ्यास मांडलाय. अमेरिकेत सिएटलमधल्या हॉटेलांचे येल्प ह्या रिव्ह्यूच्या साइटवरचे स्टार एका बाजूला आणि सरकारदफ्तरी असलेले त्यांच्या धंद्याचे आकडे दुसऱ्या बाजूला, असं लावून बघितलं. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं निघालं. पण मला आवडला तो पुढचा भाग, की हा सगळा फरक एकट्यादुकट्या हॉटेलांना पडला, साखळीवाल्यांना नाही. त्यांच्याबद्दल स्टार नवीन काय सांगणार! आता सिएटल म्हणजे काही सदाशिव पेठ नव्हे, तिथला टक्का इथे लागेल असं नाही. पण घुटमळणारं गिऱ्हाईक दोन्हीकडे सारखंच.

हे सगळं मला मुळात कळलं ते आमच्या पिको-फॉलवाल्या काकूंमुळे. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. २०२० मध्ये लग्नंबिग्नं सगळी थांबली, साड्या नेसायला कारणच उरलं नाही, आणि पुढच्या वर्षी थोडं सुरळीत झालं तरी काकूंकडे जुनी गिऱ्हाइकं काही परत येईनात, काही जणी तर घर बदलून कुठल्या कुठे गेलेल्या. म्हटलं काकू, तुम्हाला मॅपवर टाकते. त्या म्हणाल्या, "टाका बाई, पण पैसे पडणार असतील तर नको." पैसे पडत नाहीत. पण तेव्हा पत्त्याची खात्री करायला गुगलकडून पोस्टाने एक कार्ड यायचं, त्यावर ५ आकडी कोड, तो टाकला की दुकान तुमच्या नावावर. आम्ही रोज वाट बघतोय, कार्ड येईना. शेवटी काकू म्हणाल्या, "ते इंग्लिशमधलं का? मला वाटलं लोनवाल्यांची जाहिरात, रद्दीत घातलं की." झालं, परत अर्ज, परत दोन-तीन आठवडे. हल्ली गल्ली, दार, मशीन असं सगळं सलग एका व्हिडिओत दाखवायला सांगतात बरेचदा, ते एका परीने बरं, व्हिडिओ रद्दीत तरी जात नाही.

दुकान मॅपवर आलं, आता रिव्ह्यू कोण लिहिणार? काकू कोणाला सांगायला तयारच नाहीत. "मला चांगलं म्हणा असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?" आपल्याकडे हा एक मोठाच प्रॉब्लेम आहे, चोख काम करणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल दोन शब्द मागायचे म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं. शेवटी मीच क्यूआर कोडचा कागद छापून मशीनमागच्या भिंतीवर चिकटवला. पिको होईपर्यंत बाई तिथेच स्टुलावर बसून मोबाइल बघत असते, ते बघणं जरा सत्कारणी लागलं.

आणि मग मजा सुरू झाली. एका बाईंनी लिहिलं की ह्या काकू फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग लावतात, त्यामुळे पहिल्या धुण्यात तो आटत नाही आणि साडीचा काठ चुरगळून वर चढत नाही. मी काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? तसाच लावतात ना फॉल." अहो नाही लावत काकू, निम्मे लोक पाकिटातून काढला की सरळ मशीनखाली घालतात! पण त्यांना वाटतच नव्हतं की ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. मी जाहिरात लिहिली असती तरी 'सुबक काम, वाजवी दर' ह्यापलीकडे गेले नसते, कारण मलाही माहीत नव्हतं. ते जिच्या साडीला आधी दुसरीकडचा फॉल लागून पस्तावा झालाय तिलाच सुचणार. दुसरीने लिहिलं की पैठणीला हातशिलाईने फॉल लावून मिळतो. कुणीतरी मॅपवर 'पैठणी फॉल' असं शोधलं की रिव्ह्यूमधली नेमकी तीच ओळ दुकानाच्या नावाखाली दिसते, त्यामुळे थेट बाणेरहून एक जण आली. बाणेर! काकू अजून ते नाव असं उच्चारतात जसं काही ती बाई दुबईहूनच आली होती.

सगळं गोड गोड चाललेलं असताना एक दिवस १ स्टार पडला. कारण: "दुकान बंद होते." बस, एवढंच.

तेव्हा काकूंचे एकूण ९ रिव्ह्यू होते, सगळे पाच-पाच स्टारवाले. हा दहावा आला आणि ५ चे ४.६ झाले. शेकडो रिव्ह्यूवाल्या मोठ्या हॉटेलाला असा एक स्टार म्हणजे डास चावल्यासारखं, इथे मात्र काकू दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. मला सारखं विचारायच्या, कोण ही, माझ्याकडे कधी आलेली का, मी काही बोलले का हिला. तारीख बघितली तर गौरीपूजनाचा दिवस. म्हटलं उत्तर द्या, मालकाला उत्तर देता येतं तिथे. मी आपलं 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' वगैरे टाइप करायला लागले, तर काकूंनी थांबवलं आणि स्वतः सांगितलं, लिहा: "ताई, त्या दिवशी आमच्याकडे गौरी जेवायला होत्या. तुम्ही दाराची बेल वाजवली असती तर तुम्हीही जेवून गेला असतात. परत या."

पुढे त्या उत्तरावर भाळून म्हणा, नुसतं चौकशीला म्हणा, काही बायका आल्या. आणि दिवाळीच्या तोंडावर एक बाई तीन साड्या घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, त्या गौरीवाल्या मीच. काकूंनी तिला चहा पाजला. पण १ स्टार अजून तसाच आहे हं, तो काही तिने काढला नाही. पासवर्ड विसरली म्हणते.

ह्याच दिवसांत कळलं की ह्या स्टारांचा काळा बाजारही जोरात आहे. काकूंना फोन यायचे, मॅडम तुम्हाला ५० रिव्ह्यू पाहिजेत का, स्वस्तात लावून देतो. आणि त्याची दुसरी बाजू म्हणजे व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवर येणारे ते मेसेज, घरबसल्या हॉटेलांना पाच स्टार द्या, एकेका रिव्ह्यूचे पैसे मिळवा. आमच्या ओळखीतला एक शिकलासवरलेला मुलगा त्यात सापडणारच होता. पहिले काहीशे रुपये खरंच खात्यात येतात, मग 'प्रीपेड टास्क'साठी आधी तुम्ही भरा, डबल देतो, असं सुरू होतं आणि तिथून माणूस लाखात बुडतो. सरकारनेही २०२२ च्या नोव्हेंबरात खोट्या रिव्ह्यूंविरुद्ध बीआयएसचं (म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं) आयएस १९००० हे मानक काढलं, विकतचे आणि भाड्याच्या लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू चालणार नाहीत असं त्यात आहे, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. ऐच्छिक विषयात आपण किती अभ्यास करतो ते शाळेपासून माहीत आहेच. म्हणून मी आपली माझी परीक्षा लावते: जिथे अंधाऱ्या जिन्याचा, तुटक्या स्टुलाचा, नाहीतर मालकाच्या तिरसटपणाचा उल्लेख आहे, तो रिव्ह्यू खरा. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला जिना माहीतच नसतो.

तेव्हापासून मला लिहायची खोडच लागली. गुगल ह्याचे पॉइंट देतं, रिव्ह्यूला १०, फोटोला ५, आणि सगळ्यात वरच्या दहाव्या लेव्हलला पोचायला १ लाख पॉइंट लागतात. मी सहाव्या लेव्हलला आहे. नवरा विचारतो पगार कधीपासून सुरू. पगार शून्य. पण मी मोठ्या मॉलबिलवाल्यांवर लिहीत नाही, त्यांना माझी काय गरज. मी लिहिते बॅगेच्या चेनवाल्याबद्दल, घड्याळाचे सेल बदलणाऱ्याबद्दल, आमच्या इथल्या पोळी-भाजी केंद्राबद्दल (संध्याकाळी साडेसातनंतर गुळाची पोळी संपते, फोन करून जा). स्टार किती द्यायचे ह्यात मला फारसा रस नाही. सुट्टी कधी, यूपीआय चालतं का, दुचाकी कुठे लावायची, पावती मिळते का, हे लिहिते. आणि भिंतीवरच्या रेटकार्डचा एक सरळ फोटो, तो तर शंभर विशेषणांना भारी.

एक जागा मात्र राहिली होती, आमची पिठाची गिरणी. इतकी वर्षं दळण तिथे, आणि मॅपवर नावसुद्धा नाही. मी उत्साहाने मालकांना म्हटलं, काका, तुमच्यावर लिहिते. त्यांनी पट्टा थांबवलासुद्धा नाही. "नको. आहे तेवढं दळण पुरतंय मला. तुम्ही लिहिणार, हिंजवडीहून गाड्या येणार, इथे लावणार कुठे?" आता ह्यावर काय बोलणार! ह्याच्यापुढे हार्वर्डचं काही चालत नाही. मी डबा उचलून निघाले तर मागून आवाज आला, "लिहायचंच असेल तर एवढंच लिहा, भाजणी फक्त मंगळवारी. बाकीच्या दिवशी आणतात आणि मग माझ्याशी वाद घालतात."

तेवढंच लिहिलं. भाजणी फक्त मंगळवारी, गुरुवारी बंद, वाद घालू नये. सध्या गिरणीचे तीन रिव्ह्यू आहेत. एक माझा. दुसरा कुणाचा तरी, "मंगळवारीच गेलो, तरी ओरडले, पण दळण बारीक," चार स्टार. तिसऱ्यात अक्षर एक नाही, नुसता फोटो, गव्हाच्या पोत्यावर झोपलेल्या त्यांच्या मांजराचा, आणि पाचच्या पाच स्टार.