आमची वाटचाल : द्राक्षाच्या खुंटरोपांकडून वाळ्याकडे

मूळचा आमचा धंदा नर्सरीचा, डॉगरिजची (द्राक्षाचं कलम ज्यावर बांधतात ती) खुंटरोपं विकायचो, बागा लावून झाल्या की पुढं हात रिकामे. अशात नाशिकच्या सातपूरमधल्या एका प्लेटिंगवाल्या (धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या) शेठनी विचारलं, शेडमागं गवतसुद्धा येत नाही, काय लावू? माती लॅबला दिली (नमुना प्लास्टिकच्या खुरप्यानंच घ्यायचा, लोखंडी लावलं की रिपोर्टवर भरवसा नाही), तर क्रोमियम आणि निकेल भरपूर. तिथून धातूंनी खराब झालेल्या जमिनीत झाडं लावायच्या या कामात पडलो.

लोकांना वाटतं मोहरी नाहीतर सूर्यफूल पेरलं की ते धातू ओढून घेतं न जमीन साफ, आणि तेही कारखान्याच्या ऑडिटच्या आत. अहो, वाळलेल्या पानात किलोमागं निदान १००० मिलिग्रॅम निकेल भरलं तर ते झाड निकेल ओढणारं म्हणायचं. न्यू कॅलेडोनियात (पॅसिफिक महासागरातलं बेट) एक झाड आहे, त्याचा चीक निळसर हिरवा, वाळवला तर त्यात पाव हिस्सा निकेलच! आपली मोहरी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्यात इथली काळी माती चुनखडीची, शिसं आणि जस्त अशी धरून बसते की मुळांना मिळतच नाही. ईडीटीए (धातू मातीतून सोडवणारं रसायन) ओतलं तर सुटतं, पण मुळांनी न घेतलेलं सगळं पावसाबरोबर खाली, शेजाऱ्याच्या विहिरीकडं. म्हणून ते आम्ही करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मग आम्ही करतो काय? बहुतेक ठिकाणी वाळा. मुळं सरळ खोल जातात, धातू जास्त करून मुळातच राहतो, माती वाहून नाल्यात जात नाही. सहा संयुजेचं (जास्त विषारी रूपातलं) क्रोमियम असेल तर आधी शेणखत भरपूर मिसळायचं, त्यानं ते कमी विषारी तीन संयुजेच्या रूपात येतं. जमीन साफ होते असं मात्र कोटेशनमध्ये लिहून देत नाही, एका पार्टीला तसंच लिहून पाहिजे होतं, नाही दिलं तर आधीच्या कामाचं बिलही अडकवलं.

जास्त डोकेदुखी कापणीची. मोहरी हिरवीगार दिसली की शेळ्या आल्याच, आणि वॉचमनची बायको भाजीला न्यायला! म्हणून आता कुंपण झाल्याशिवाय बी टाकत नाही, मोहरीऐवजी शक्यतो झेंडू लावतो, तोही बाजारात जाऊ देत नाही. कापलेला पाला खतात टाकायचा नाही न बांधावर जाळायचाही नाही, गोणीत भरून, लॅबचा रिपोर्ट लावून घातक कचऱ्याच्या गाडीतच द्यायचा, आणि त्याचं भाडं कोटेशनमध्ये पहिल्याच ओळीत लिहितो.