एचडीएमआय लावली की लाइट जाते

तक्रार एवढ्याच शब्दांत होती आणि ती शंभर टक्के खरी होती. रॅक चालू, एलईडी वॉल चालू, दोन्ही एकमेकांपासून सुटे, तर तासभर काही होत नाही. रॅकमधल्या सर्व्हरची एचडीएमआय केबल वॉलच्या कंट्रोलरमध्ये खुपसली रे खुपसली की प्रदर्शनातल्या आमच्या अख्ख्या स्टॉलचा सप्लाय गुल. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. पहिला संशय अर्थातच केबलवर. केबल बदलली. चौथ्यांदाही तेच.

ठिकाण होतं जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाचं रुस्ट, फ्रान्सच्या सीमेला लागून असलेलं छोटंसं गाव. तिथल्या युरोपा-पार्क या मनोरंजन उद्यानात मार्चमध्ये, उद्यानाचा हंगाम सुरू होण्याआधी, क्लाउडफेस्ट भरतं. होस्टिंगवाले, डेटा सेंटरवाले, डोमेन विकणारे, सर्व्हर बनवणारे यांची ही जत्राच. 2018 च्या आधी तिचं नाव होतं वर्ल्ड होस्टिंग डेज. दिवसा स्टोरेज आणि आयपी अ‍ॅड्रेसच्या गप्पा, संध्याकाळी संगीत आणि बिअर, आणि डोक्यावर 73 मीटर उंचीचा सिल्व्हर स्टार रोलरकोस्टर. माक कुटुंबाने हे उद्यान 1975 मध्ये उघडलं, पाळणे बनवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. आमच्या स्टॉलवर मात्र त्या दिवशी जत्रा वगैरे काही नव्हतं. मांडामांडीचा रविवार होता, आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद. जे हवं ते हॉलमध्येच पैदा करायचं.

आमचा डेमो रॅक पुण्याहून आला होता. तीन सर्व्हर, एक स्टोरेज बॉक्स, दोन नेटवर्क स्विच. प्रत्येकाला दोन-दोन पॉवर सप्लाय, म्हणजे एकूण बारा. सगळा ऐवज एटीए कार्नेटवर. माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणायचा असेल तर हा परवाना लागतो, भारतात तो फिक्की देते. यादीत प्रत्येक वस्तू सिरियल नंबरासकट लिहावी लागते आणि त्यातली प्रत्येक वस्तू परत यावी लागते. त्या यादीत सतराव्या ओळीवर होती आमची पॉवर स्ट्रिप : आपले तीन गोल पिनांचे सॉकेट, टोकाला 16 अँपिअरचा जाडा प्लग. हा प्लग जर्मन शुको सॉकेटात जात नाही, म्हणून मध्ये एक 'युनिव्हर्सल' ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर. खरा आरोपी तो अ‍ॅडॉप्टर, पण तिथपर्यंत पोचायला दोन तास गेले.

आधी ओव्हरलोड वाटला. स्टॉलला 3 किलोवॉटची लाइन घेतली होती. क्लॅम्प मीटरने मोजलं तर रॅक आणि वॉल मिळून 2 किलोवॉटच्या जरा खाली. तेव्हा ओव्हरलोड नाही. मग कोणी म्हणालं, चालू होतानाचा झटका असेल. सर्व्हरचा पॉवर सप्लाय थंड असताना चालू केला की काही मिलिसेकंद जबर करंट खेचतो हे खरं आहे, म्हणूनच आम्ही एकेक सर्व्हर दहा सेकंदांच्या अंतराने चालू करत होतो. पण इथे तर सगळं आधीपासून चालू होतं. शिवाय स्टॉलच्या डब्यात पडत होता तो खटका कोणता, हे नीट पाहिलं असतं तर हा वाद झालाच नसता. बी-16 एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा नेहमीचा खटका, वरच होता. त्याला तत्क्षणी पडायला 16 च्या तीन ते पाच पट, म्हणजे 48 ते 80 अँपिअर लागतात. पडत होता तो शेजारचा रुंद खटका, ज्यावर टेस्टचं बटण असतं. आपल्याकडे त्याला अजूनही सर्रास ईएलसीबी म्हणतात, खरं नाव आरसीडी. तो लोड बघत नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का, एवढंच तो बघतो. फरक 30 मिलिअँपिअर झाला की पडलाच पाहिजे, 15 पर्यंत पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात कधी पडेल ते त्याच्या मर्जीवर.

म्हणजे कुठूनतरी करंट जमिनीत जात होता. गंमत अशी की रॅक एकटा चालवला तर गळती शून्याच्या आसपास दिसत होती. आता हे मोजायची पद्धत सांगायला हवी, कारण इथे बरेच जण चुकतात. नुसत्या फेजभोवती क्लॅम्प लावला तर लोड दिसतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्यायचे आणि अर्थची वायर बाहेर ठेवायची, मग दिसतो तो फक्त फरक. त्यासाठी मीटरही मिलिअँपिअर वाचणारा हवा, साधा क्लॅम्प एवढं बारीक दाखवत नाही. आमच्याकडे तसा नव्हता. हॉलचा इलेक्ट्रिशियन घेऊन आला. त्याने आधी मीटर लावलाच नाही. रॅकच्या मागे वाकला, स्ट्रिपच्या प्लगपाशी तो पांढरा अ‍ॅडॉप्टर पाहिला, हातात घेऊन उलटा केला आणि एकच शब्द बोलला : "एर्डे?"

एर्डे म्हणजे माती. अर्थिंग. शुको सॉकेटात अर्थिंगचे दोन पितळी चाप कडेला असतात, प्लगच्या बाजूच्या पट्टीला ते घासतात. आमच्या अ‍ॅडॉप्टरच्या जर्मन बाजूला नुसत्या दोन पिना, कडा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या. वरच्या अंगाला आपली मोठी अर्थ पिन आरामात आत जात होती, पण आत तिला कुठेच जोडलेलं नव्हतं. भोक होतं, तार नव्हती. टेस्टर रॅकच्या पत्र्याला लावला तर आतला निऑन मस्त पेटला. मल्टिमीटरवर पत्रा आणि सॉकेटचा चाप यांच्यामध्ये 110 व्होल्टच्या वर.

याचं कारण पॉवर सप्लायच्या पोटात असतं. प्रत्येक स्विच-मोड सप्लायच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेज ते पत्रा आणि न्यूट्रल ते पत्रा असे छोटे वाय-कॅपॅसिटर बसवलेले असतात, रेडिओची खरखर जमिनीत सोडायला. खरखरीबरोबर 50 हर्ट्झही थोडा गळतोच. 10 नॅनोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून 230 व्होल्टला सुमारे 0.72 मिलिअँपिअर. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. अर्थिंग असेल तर हा करंट मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर दोन सारखे कॅपॅसिटर व्होल्टेज निम्मं वाटून घेतात आणि पत्रा 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. जाणाऱ्याला वाटच नाही, म्हणून गळती शून्य, आणि आरसीडी सुखात.

एचडीएमआयने ती वाट दिली. वॉल भाड्याने घेतलेली, तिथलीच, व्यवस्थित अर्थिंग केलेली. एचडीएमआयचं बाहेरचं कवच दोन्ही टोकांना पत्र्याला जोडलेलं असतं. केबल लागली की रॅकमधल्या बाराही सप्लायची साठलेली गळती त्या पातळ कवचातून वॉलच्या अर्थिंगमध्ये. इंटरनेटची लाइन फायबरची आणि आतल्या नेटवर्क केबली साध्या, बिनकवचाच्या, म्हणून तोवर ही वाट कुठूनच उघडली नव्हती. नंतर खरी अर्थिंग देऊन मोजलं : रॅकची गळती 14.4 मिलिअँपिअर, म्हणजे सप्लायमागे 1.2. एलईडी वॉलची 8.6, तिच्या प्रत्येक चौकोनात वेगळा सप्लाय असतो म्हणून. बेरीज 23. त्यात केबल खुपसतानाची ठिणगी. आरसीडी पडला यात नवल नाही.

पडला तेच बरं. खरी भीती पडत नव्हता तेव्हाची. केबल लावण्याआधी कोणी एक हात रॅकला आणि दुसरा वॉलच्या चौकटीला लावला असता तर अंगातून 10 मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट गेला असता. एवढ्याला स्नायू आखडतात, पकड सोडवणं अवघड होऊ लागतं. आणि वॉलची गळती धरूनही बेरीज 30 च्या आतच, त्यामुळे आरसीडी पडेलच याची खात्री नाही. सकाळपासून दोघांना "रॅकला हात लावला की मुंग्या येतात" असं वाटत होतं. गालिच्यामुळे स्टॅटिक असेल म्हणून ते सोडून दिलं होतं. स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो. बोट पत्र्यावरून हलकेच फिरवताना सलग खरखरीत लागलं तर ते स्टॅटिक नव्हे.

पुण्यात हाच रॅक सहा महिने चालला होता. तिथे अर्थिंग नीट होतं, आणि यूपीएसच्या सर्किटवर नुसता एमसीबी, आरसीडी नाहीच. म्हणजे गळती तिथेही होती, विचारणारं कोणी नव्हतं.

नुसता अ‍ॅडॉप्टर बदलून भागणार नव्हतं, कारण अर्थिंग दिलं तरी बेरीज 23 च राहणार. कायमची गळती आरसीडीच्या आकड्याच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवायची असा दंडक आहे, म्हणजे 30 ला 9. इलेक्ट्रिशियनने तीन फेजचा लाल पाच पिनांचा सॉकेट उघडून दिला आणि एक वाटणीचा डबा आणला, ज्यात प्रत्येक फेजला स्वतंत्र आरसीडी-कम-एमसीबी. प्रत्येक यंत्राचा पहिला सप्लाय पहिल्या फेजवर, दुसरा दुसऱ्या फेजवर, वॉल तिसऱ्यावर. आकडे 7.2, 7.2 आणि 8.6. एक फेज गेली तरी सर्व्हर दुसऱ्यावर चालू, हा वरचा फायदा. याचे पैसे मोजावे लागले, जागेवर मागितलेली जादा लाइन आगाऊ नोंदवलेल्यापेक्षा महाग पडते.

उरल्या केबली. भारतीय स्ट्रिप बाद, तेव्हा सर्व्हरला लागणाऱ्या बारा सी-13 केबली (कॉम्प्युटरच्या मागे लावतो त्या) शुको प्लगच्या हव्या. जर्मन लोक हिला 'थंड उपकरणाची केबल' म्हणतात, कारण तिचं तोंड 70 अंशांपर्यंतच झेपतं. गरम उपकरणासाठी खाचेची वेगळी असते. आठ इलेक्ट्रिशियनच्या पेटीत निघाल्या, चार शेजारच्या स्टॉलवाल्यांनी मॉनिटरच्या काढून दिल्या.

सप्लाय लागला, आता स्टोरेज रुसलं. चार वेळा अचानक बंद पडूनही डेटा शाबूत होता, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती होत्या. पण सेफ (Ceph) या स्टोरेज सॉफ्टवेअरचा क्लस्टर पिवळाच, सर्व्हरची घड्याळं जुळत नाहीत म्हणून. त्याला मॉनिटरांमधला (म्हणजे क्लस्टरवर नजर ठेवणाऱ्या त्याच्या प्रोग्रामांमधला) फरक 0.05 सेकंदापर्यंतच चालतो, आणि इंटरनेट अजून सुरू नसल्याने वेळ कोणाकडून घेणार? एका लॅपटॉपवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम चालवून तिन्ही सर्व्हरना त्याच्याकडे वळवलं. लॅपटॉपची वेळ बरोबर आहे की नाही याला महत्त्व नाही, तिघांची एकच असली म्हणजे झालं. पाच मिनिटांत हिरवा.

वायफायलाही आपलंच घर सुटलं नव्हतं. अ‍ॅक्सेस पॉइंटवर देश 'भारत', चॅनेल 149. आपल्याकडे हा लोकप्रिय, रडारची भानगड नाही. युरोपात त्या पट्ट्यात फक्त 25 मिलिवॉट चालतात. देश बदलून जर्मनी केला. 36 ते 48 हे चार चॅनेल हॉलमध्ये आधीच गच्च. वरच्या चॅनेलवर जायचं तर आधी रडार आहे का हे ऐकत बसावं लागतं : बहुतेकांवर एक मिनिट, पण 120 ते 128 वर दहा मिनिटं, कारण तो पट्टा हवामानाच्या रडारचा. ब्लॅक फॉरेस्टमधल्या फेल्डबर्गवर जर्मन हवामान खात्याचा तसा एक रडार आहेच. आम्ही 100 घेतला, रुंदी 20 मेगाहर्ट्झच ठेवली. 80 ठेवली असती तर वेग छान दिसला असता, चार शेजाऱ्यांच्या जिवावर.

प्रदर्शनात डेमोपेक्षा जास्त माणसं थांबली ती त्या तीन फेजच्या डब्यापाशी. चालू सर्व्हरची एक केबल उपटून दाखवायची आमची मूळ कल्पना होती. लोक विचारत, दोन्ही सप्लाय वेगळ्या फेजवर का? मग कागदावर 14.4 आणि 8.6 ची बेरीज करून दाखवावी लागे.

परतीच्या पॅकिंगला मागून आणलेल्या केबली मोजून परत केल्या. अ‍ॅडॉप्टर कचऱ्यात गेला, तो कोणाच्या खिशातून आला होता, यादीत नव्हता. पॉवर स्ट्रिप मात्र फेकता येईना. सिरियल नंबर जुळवून, बबल रॅपमध्ये गुंडाळून सर्व्हरच्या शेजारी ठेवली. कार्नेटची सतरावी ओळ होती ती, मुंबईला कस्टमवाल्यांनी मागितली तर दाखवायला हवी.