साताऱ्यात बसून केलेला जहाजाच्या स्थैर्याचा अभ्यास

तोंडी परीक्षेत सूत्रापेक्षा त्यामागचे कारण विचारतात, असे वरिष्ठांनी बजावले होते. म्हणून सेकंड मेटच्या (व्यापारी जहाजावरील डेक अधिकाऱ्याच्या) परीक्षेच्या तयारीसाठी साताऱ्याला घरी आल्यावर मी प्रश्नसंच बाजूला ठेवले आणि पेटीच्या आकाराचे एकच काल्पनिक जहाज घेऊन सगळे हिशेब त्याच्यावर करायचे ठरवले. लांबी ६० मीटर, रुंदी १२ मीटर, ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेली खोली, ४ मीटर.

समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ टन प्रति घनमीटर धरली की जहाजाचे विस्थापन, म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, २,९५२ टन येते. विस्थापित पाण्याचा मध्य, म्हणजे बी, तळापासून २ मीटरवर असतो; बीपासून मेटासेंटरची (एम: जहाज थोडे कलले की सरकलेल्या बीमधून जाणारी उभी रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू) उंची रुंदीच्या वर्गाला ड्राफ्टच्या बारा पटीने भागून ३ मीटर निघते, म्हणून केएम, म्हणजे तळापासून एमची उंची, ५ मीटर. या साऱ्या हिशेबात माल कुठे ठेवला आहे याचा संबंधच येत नाही, हे ध्यानात आले तेव्हा विषय उलगडला. एम ठरतो तो पाण्याखालच्या आकारावरून आणि जी, म्हणजे जहाजाचा गुरुत्वमध्य, ठरतो तो आपण चढवलेल्या भारावरून. केजी, म्हणजे तळापासून जीचे अंतर, ४.५ मीटर धरला तर जीएम, म्हणजे जीच्या वर एम किती आहे ते स्थैर्याचे माप, ०.५ मीटर उरतो. बामणोलीला कोयनेच्या जलाशयात लाँचवर माणसे उभी राहिली की लाँचवाला ‘खाली बसा बघू आधी’ म्हणून दटावतो, ते यासाठीच: एम जागच्या जागी राहतो, जी मात्र वर सरकतो. जीएम फार मोठा असणेही बरे नव्हे, कारण असे जहाज झटके देत डोलते आणि मालाचे बांध सैल होतात.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो फ्री सरफेसने, म्हणजे अर्धवट भरलेल्या टाकीतल्या मोकळ्या पृष्ठभागाने; जहाज कलले की तिथले पाणी खालच्या बाजूला धावते आणि जीएम घटल्यासारखा होतो. पेटीच्या पूर्ण रुंदीचा, १० मीटर लांबीचा एक बॅलास्ट टँक (तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरायची टाकी) अर्धवट भरलेला आहे असे मी मानले. त्याच्या पाण्याच्या पृष्ठभागाचा जडत्वघूर्ण (लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले बारा) १,४४० येतो. त्याला विस्थापित घनफळ २,८८० ने भागले की जीएममधील घट बरोबर ०.५ मीटर, म्हणजे होते नव्हते ते सगळे स्थैर्य गेले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा निकष मात्र सुरुवातीचा जीएम किमान ०.१५ मीटर असावा असा आहे. त्याच टँकमध्ये मधोमध एक उभी भिंत लांबीच्या दिशेने घातली की घट ०.१२५ मीटरवर, म्हणजे एक चतुर्थांशावर येते. टँकमध्ये पाणी किती आहे यापेक्षा त्याचा मोकळा पृष्ठभाग किती रुंद आहे याला महत्त्व का, हे मला या दोन आकड्यांनी जितके पटवले तितके कोणत्याही व्याख्येने पटवले नव्हते.

ट्रिम, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ड्राफ्टमधला फरक, त्यामानाने सोपी गेली. याच जहाजाची ट्रिम एक सेंटीमीटरने बदलायला सुमारे ३६.९ टन-मीटर घूर्ण लागतो. म्हणून ५० टन वजन ३० मीटर मागे सरकवले की ट्रिम सुमारे ४१ सेंटीमीटर बदलते, आणि पेटी असल्यामुळे पुढचा ड्राफ्ट जितका कमी होतो तितकाच मागचा वाढतो. खऱ्या जहाजात तरंगपृष्ठाचा (पाण्याच्या पातळीवरील जहाजाच्या छेदाचा) मध्य बहुधा लांबीच्या बरोबर मध्यावर नसतो, त्यामुळे हा बदल दोन्ही टोकांच्या अंतरांच्या प्रमाणात वाटावा लागतो. ही वाटणी मी शेवटी मी काम केलेल्या खऱ्या जहाजाच्या हायड्रोस्टॅटिक तक्त्यावरून, म्हणजे प्रत्येक ड्राफ्टला असे आकडे देणाऱ्या तक्त्यावरून, केली. ड्राफ्ट बदलला की तक्त्यातील प्रत्येक रकाना बदलतो, म्हणून आधी सरासरी ड्राफ्ट काढूनच त्या ओळीला हात लावायचा.