आईचं नव्वद

रात्री पावणेदोनला भावाचा फोन आला तेव्हा मी आयसीयूत चार नंबरच्या पेशंटचा सिरिंज पंप भरत होते. डिसेंबर महिना. गावाकडं ऊसतोड चालू, पेटवलेल्या पाचटाची काजळी अंगणात पडत असलेले दिवस. आईला संध्याकाळपासून दम लागलाय आणि दहाच्या सुमारास तिला तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलंय, एवढं मला ठाऊक होतं. फोन बघून छातीत धस्स झालं. पण बाळूचा आवाज मोकळा होता.

"अक्का, शंभर दावतंय बघ! आलो तवा ब्याऐंशी हुतं. मोठा मास्क लावला आन् पाच मिनटांत शंभर. आता आई निवांत झोपलीया."

त्याच्या जिवात जीव आला होता आणि इकडं माझे हातपाय गार पडले.

"बाळू, तिला उठव."

"आत्ताच डोळा लागलाय गं."

"हलवून उठव. कुठं आलीयस म्हणून विचार तिला."

फोनमधून त्याच्या हाका ऐकू येत होत्या. आई, ए आई. बऱ्याच वेळानं आईचा आवाज आला, जडावलेला, जीभ ओढत बोलल्यासारखा. "चूल पेटली का," एवढंच म्हणाली आणि पुन्हा घोरायला लागली.

बावीस वर्षं मी मिरजेत नर्स आहे, त्यातली सोळा आयसीयूत. ज्या पेशंटचा दम जुना आहे तो भरपूर ऑक्सिजनवर असा 'निवांत' झोपला की ती झोप नसते. आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची ती गुंगी असते. आणि बोटाला लावलेला तो चिमटा, पल्स ऑक्सिमीटर, रक्तातल्या हिमोग्लोबिनवर किती टक्के ऑक्सिजन बसलाय, म्हणजे सॅच्युरेशन, तेवढंच सांगतो. कार्बन डायऑक्साइडबद्दल अवाक्षरही सांगत नाही, शंभरच दाखवत राहतो.

आईनं आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. चाळीस वर्षं ती चुलीपुढं बसली. शेणाच्या गोवऱ्या, तुरीच्या काटक्या, ओली लाकडं, आणि पावसाळ्यात तर दिवसभर फुंकणी. स्वयंपाकघराला खिडकी म्हणजे एक कौल सरकवलेलं. गॅस आल्यावरही अंघोळीचं पाणी चुलीवरच तापत राहिलं, कारण सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा. पन्नाशीनंतर खोकला सुरू झाला. गावात त्याला दमा म्हणाले, फुंकून मोजायची तपासणी झाल्यावर कागदावर सीओपीडी आलं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार. हा आजार विडी-सिगारेटवाल्यांचाच असं आमच्या कॉलेजातही शिकवलं होतं. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका त्या पुस्तकात बसतच नव्हत्या.

फुफ्फुसात सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. सगळे पसरले तर साठसत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे शहरातला साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट. एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला रक्त, मधे नुसता पापुद्रा. ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. आपण त्यातल्या पहिल्या अर्ध्याचीच काळजी करतो. आईच्या फुफ्फुसात कित्येक भिंती फाटून वायुकोशांचे ढगळ फुगे झालेत, नळ्या अरुंद झाल्यात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही.

मग ऑक्सिजन जास्त दिला तर बिघडतं काय? बाळूला मी हे दारं धरण्याच्या भाषेत समजावलं, कारण कालव्याच्या पाण्यावर तो लहानपणापासून रात्रपाळ्या करत आलाय. रक्त म्हणजे पाटाचं पाणी आणि वायुकोश म्हणजे वाफे. ज्या वाफ्यात हवा पोचत नाही त्याचं दार फुफ्फुस स्वतःच बंद करतं आणि रक्त चांगल्या वाफ्यांकडं वळवतं. हवा पोचत नाही हे त्याला कशावरून कळतं? तिथं ऑक्सिजन कमी आहे यावरून. आता तुम्ही मिनिटाला दहा लिटरचा झोत सोडला की त्या बिघडलेल्या वाफ्यांतही ऑक्सिजन भरतो. फुफ्फुसाला वाटतं, इथं सगळं ठीक आहे, आणि ते दार उघडतं. रक्त तिकडं धावतं, पण तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट नाही. तो रक्तात साठत जातो. शिवाय हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन दाटीनं बसला की त्यानं धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड सुटून रक्तात येतो, आणि श्वासाची ओढही थोडी मंदावते. तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं ढकलतात. बाळू ऐकून म्हणाला, "म्हंजी नको त्या वाफ्यात पाणी जाया लागलं." हो, अगदी तेच.

त्या रात्री मी तिथल्या सिस्टरशी बोलले. मास्क राखीव पिशवीचा होता, ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर जातोय ते दाखवणारी फ्लोमीटरची गोळी दहावर. ती म्हणाली, "मॅडम, सॅच्युरेशन तर छान आहे की." तिचा मला राग आला नाही, आजही येत नाही. २०२१ साली आम्ही सगळ्यांनी तेच घोकलं होतं. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की धावा. घराघरात तो चिमटा आला, लोक दिवसातून दहादा बोट घालून बसायचे, आणि जितका आकडा मोठा तितका माणूस सुखरूप हे मनात पक्कं झालं. कोविडच्या निमोनियात ते बरोबरच होतं. आईच्या फुफ्फुसाला तो नियम लागू नाही, हे मात्र कोणी तितक्या जोरात सांगितलं नाही. मीही माझ्या घरात सांगितलं नव्हतं, आणि ती माझी चूक.

सीओपीडीत ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर होबार्टच्या अँब्युलन्सवाल्यांनी याची सरळ परीक्षा घेतली. ४०५ पेशंट, सगळ्यांना दम लागलेला आणि सीओपीडीचा संशय. काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ राहील एवढाच मोजून. मोजून दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २०१० साली हे छापून आलं. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही, फक्त फ्लोमीटरची गोळी खाली आणायची.

पण एकदम खाली नाही. हे मी फोनवर तीनदा सांगितलं आणि इथंही सांगते. घाबरून मास्क काढून टाकला तर सॅच्युरेशन आधीच्यापेक्षाही खाली कोसळतं. पायरीपायरीनं उतरायचं. तिथल्या डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं, मास्क बदलून नाकातल्या नळीवर आणलं, मग दोन लिटर, आणि अँब्युलन्सनं आईला मिरजेला पाठवलं. पहाटे चारला ती आमच्या दारात उतरली तेव्हा हात गरम, नाडी उसळती, बोटं पसरून धरली की पंजा फडफडायचा. धमनीतलं रक्त काढलं. कार्बन डायऑक्साइडचा दाब ८८. असायला हवा ३५ ते ४५. पीएच ७.२२, म्हणजे रक्त आम्लाकडं झुकलेलं. बोटावरचा आकडा तेव्हाही ९१ होता.

बायपॅप लावला. तो पट्ट्यांचा मास्क तोंडावर घट्ट बसला की पेशंट घाबरतात, म्हणून सुरुवातीला मी तो हातानंच धरून उभी राहिले. बायपॅप श्वास आत ढकलतो आणि हवा बाहेर पडायला मदत करतो, म्हणजे जे अडलं होतं तेच करतो. दोन तासांनी कार्बन डायऑक्साइड ७१. दुपारी ६०. संध्याकाळी आईनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू जेवलीस का?" मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

त्या चिमट्यावर माझा रोष नाही. उलट त्याच्याइतकं प्रेम मी फार कमी यंत्रांवर केलंय. जपानमध्ये निहोन कोहडेन कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे इंजिनिअर होते. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून मोजायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, आणि नाडीच्या ठोक्यानं मोजणीत सारखी लाट उठायची. ती लाट घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं की हा हलता भागच धमनीतल्या रक्ताचा आहे. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांत ती लाट तोलली की ऑक्सिजनचा हिशोब लागतो. हे १९७४ साली. एप्रिल २०२० मध्ये ते गेले, जगभर लोक तो चिमटा शोधत फिरत होते त्याच महिन्यात.

तर त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे ठाऊक असायला हवं. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या किंवा गॅस गीझरच्या बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बोटाला तो ९८ दाखवू शकतो. हात गार पडले असतील, नखं रंगवलेली असतील तर चुकतो. सावळ्या कातडीवर तो काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या अभ्यासानं ठळकपणे पुढं आणलं. आपल्या वॉर्डात हे लक्षात ठेवायला नको का?

आणि नव्वद म्हणजे नापास नव्हे. ऑक्सिजनचा दाब आणि सॅच्युरेशन यांचं नातं सरळ रेषेचं नाही. मी विद्यार्थिनींना आंबा घाट सांगते. घाटमाथ्यावर कितीही चालत राहिलात तरी उंची फारशी बदलत नाही. तसं धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० वर आला तरी सॅच्युरेशन साधारण ९७ वरून ९० वर येतं, एवढंच. पण तिथून पुढं घाट सुरू. दाब ४० झाला की सॅच्युरेशन ७५. आई कायम घाटाच्या तोंडाशी उभी आहे. तिला आणखी वर नेऊन फार काही मिळत नाही, पण पाऊल खाली घसरलं तर धरायला वेळ मिळत नाही. म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या खालीही सोडायचं नाही. ऑक्सिजन हे औषध आहे, आणि औषधासारखाच तो केसपेपरवर मात्रेसकट लिहिलेला असावा असा माझा हट्ट असतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नंदुरबार जिल्ह्यानं 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या होत्या. त्यांचं काम हेच, प्रत्येक पेशंटला किती लागतोय ते बघायचं आणि तेवढाच द्यायचा. त्या वेळी ते गॅस वाचवायला म्हणून गाजलं. मला तर वाटतं ती नेमणूक प्रत्येक वॉर्डात कायमची हवी.

आता आईकडं घरी पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर आहे. आजार स्थिरावल्यावर पुन्हा रक्त तपासलं, साध्या हवेत ऑक्सिजनचा दाब ५५ च्या खालीच होता, म्हणून. अशा पेशंटनी दिवसातले किमान पंधरा तास ऑक्सिजन घेतला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि ८१ च्या दोन अभ्यासांपासून माहीत आहे. यंत्र खोलीतली हवा ओढतं, झिओलाइटचे खडे त्यातला नायट्रोजन पकडून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन नळीतून येतो. आईच्या नाकात मिनिटाला दीड लिटर. गोळीचा मध्य रेघेवर हवा, वरची कड नव्हे. मागची जाळी बाळू दर रविवारी धुतो, ऊसतोडीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, कारण ती काळीकुट्ट होते. वीज गेली तर कोपऱ्यात काळा, पांढऱ्या मानेचा छोटा सिलिंडर. भरलेला असताना त्यात सुमारे १५०० लिटर. दीड लिटरनं हजार मिनिटं, सोळा तासांच्या वर. काटा अर्ध्यावर असेल तर आठ. हा हिशोब त्यानं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय.

सगळ्यात अवघड गेलं ते देवघर. नळी नाकात असताना दिवा लावायचा नाही, उदबत्ती नाही, चुलीजवळ जायचं नाही, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावायचं नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा जाळ करतो, कपड्यांत आणि केसांत भरून राहतो. आई म्हणाली, "साठ वर्षं सांजवात केली मी." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आता नात दिवा लावते, आई सोप्यात यंत्राशेजारी बसून तिथूनच हात जोडते.

बाळूनं एक वही केलीय. तारीख, सॅच्युरेशन, किती लिटर, सकाळी डोकं दुखतंय का, कारण कार्बन डायऑक्साइड साठला तर ते दुखतं. हे रकाने मी सांगितलेले. शेवटचा त्यानं स्वतःच्या मनानं आखला, 'आई काय म्हणाली'. गेल्या रविवारी गेले तेव्हा चाळत बसले. नव्वद, दीड लिटर, डोकं नाही, 'कालव्याला पाणी सुटलं का इचारलं'. एक्क्याण्णव, दीड लिटर, डोकं नाही, 'भाजीत मीठ कमी'. एकोणनव्वद, दीड लिटर, डोकं नाही, 'अक्काला फोन लाव म्हणाली'.