ईएमजी ‘नॉर्मल’ आणा म्हणे!

माझं पाऊल उचलायला लागलं, टाचांवर चालता यायला लागलं, तरी कंपनी कामावर घेईना. कारण फॉर्मवरचा एक रकाना : ‘ईएमजी नॉर्मल : होय / नाही’. ईएमजी म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातले विजेचे सिग्नल बघायची चाचणी.

कंबरेच्या मणक्यातली गादी सरकून एल-५ ची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्यापाशी निघणारी, नस दाबली गेली होती. पाऊल लोंबायचं, चप्पल पायातून कधी निसटली ते कळायचं नाही, ठाणे स्टेशनच्या जिन्यावर चवडा अडकायचा. ऑपरेशन व्यवस्थित झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मी रबाळ्याला एका केमिकल कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या खात्यात, आहे. टाकीवर शिडीने चढून सॅम्पल काढावं लागतं, तेव्हा फिटनेस मागतात हे बरोबरच. पण तिथल्या वैद्यकीय खात्यातल्या साहेबांना पाय बघायचाच नव्हता. रिपोर्टमध्ये ‘मोठे, पॉलिफेजिक (वाकड्यातिकड्या आलेखाचे) मोटर युनिट’ असं दिसलं की कागद परत. मोटर युनिट म्हणजे नसेचा एक तंतू आणि तो चालवतो ते सगळे स्नायूतंतू. ‘मॅडम, दोन महिन्यांनी पुन्हा करा, नॉर्मल आला की या.’ पुन्हा सुया, पुन्हा पैसे, पुन्हा तोच रिपोर्ट. रजा बिनपगारी. एनसीव्हीत, म्हणजे नसेला बारीक शॉक देऊन करतात त्या चाचणीत, स्नायूच्या प्रतिसादाचा आकडा चांगला वर आला होता, पण ते पान त्यांनी उलटलंच नाही.

शेवटी न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाऊल वर उचलणाऱ्या नडगीच्या स्नायूला एल-५ आणि तिच्या वरची एल-४ अशा दोन्हीकडून नसेचे तंतू येतात. एल-५ चे तंतू मेले की त्यांचे स्नायूतंतू बेवारस होतात. मेलेला तंतू कंबरेपासून पुन्हा वाढत यायचा तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे नडगी गाठायला दीड-दोन वर्षं. त्याआधीच स्नायूतले नसेचे शाबूत तंतू टोकापाशी फुटवे काढतात, आणि श्वॉन पेशींच्या (नसेच्या तंतूंना वेढणाऱ्या पेशींच्या) धाग्यांवरून ते फुटवे बेवारस स्नायूतंतूंपर्यंत पोचतात. वीज गेलेल्या शेजाऱ्याला आपल्या मीटरवरून वायर ओढून द्यावी तसं. असा एकेक तंतू मूळच्या सुमारे पाचपट स्नायूतंतू चालवू शकतो. म्हणून सुईला युनिट मोठं दिसतं. फुटवे कोवळे असतात तोवर सिग्नल मागेपुढे पोचतो, म्हणून आलेख वाकडातिकडा. साहेब ज्याच्यावर बोट ठेवत होते ती माझी दुरुस्ती होती! आणि युनिट एकदा मोठं झालं की रिपोर्ट पहिल्यासारखा बहुधा कधीच होत नाही. म्हणजे मी वाट कशाची बघत होते?

मॅडमनी पत्र दिलं : स्नायूची ताकद पाचपैकी चार-अधिक, एका पायाच्या टाचेवर उभं राहता येतं, शिडी चढून दाखवायला हरकत नाही. ‘ईएमजीतले बदल स्नायू पुन्हा जोडला गेल्याचे आहेत’ हे वाक्य मी मुद्दाम मागून घेतलं. तुम्हीही मागा. साहेब तरी कुरकुरलेच, पण सेफ्टीवाल्यांनी शिडी लावली आणि मी सरसर चढून गेले. खाली उतरताना जरा ऐटच आली होती, खोटं कशाला सांगू.

चाचणीला जायच्या दिवशी पायाला तेल-क्रीम लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. एसी लोकलमधून गार पाय घेऊन थेट टेबलावर झोपू नका, पाय गार असला की नसेचा वेग कमी दिसतो. आणि नस दाबली गेल्यावर कोणी पहिल्याच आठवड्यात सुईची चाचणी करायला सांगितली तर विचारा का, कारण सुईत दिसणारे बदल पायात यायला साधारण तीन आठवडे लागतात.

व्यायामाचं राहिलंच. आमच्या फिजिओ ताई पाय थरथरायला लागला की लगेच थांबवायच्या. मला राग यायचा, अजून करते म्हणायचे. उंदरांवरच्या प्रयोगांत, बहुतेक नसा गेलेल्या स्नायूला फार पळवलं तर फुटवे कमी फुटतात असं दिसलं आहे, हे त्यांनीच सांगितलं. मग गप्प बसले.

अंगठा मात्र अजून मागे आहे. त्याला उचलणारा स्नायू मुख्यतः एल-५ वरच चालतो, मदतीला धावणारे शेजारचे तंतू थोडे. त्यामुळे मागे पट्टा असलेलीच सँडल घालते.

फॉर्मवरचा रकाना तसाच आहे. वार्षिक तपासणीला तो पुन्हा समोर येणार, म्हणून पत्राच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात.